घटकाभर

माझ्या संगणकाच्या पडद्यावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी एक मेंढी राहते. नखाएवढी आहे. दर पाऊण तासाने ती एक खिडकी उघडते आणि सांगते की आता दहा मिनिटं हात बाजूला ठेवा. खिडकीत तीन बटणं असतात: पडद्याला कुलूप घाला, पुढे ढकला, सोडून द्या. (मूळ इंग्रजीत आहेत, मराठी मी केलं.) मी तिसरं दाबते. फारच मन खाल्लं तर दुसरं. पहिलं किती वेळा दाबलं ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि गंमत म्हणजे दुखणं त्या बोटांचंच आहे.

झालं असं की मी वर्सोव्याला घरी बसून चित्रपटांची उपशीर्षकं लिहिते. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मागे जायचं, टंकायचं, पुन्हा ऐकायचं. दिवसभर तेच. गेल्या पावसाळ्यात उजवं मनगट असं धरलं की कपातला चहा ओठापर्यंत न्यायला डावा हात लागायला लागला. डॉक्टरांनी पट्टा दिला, मलम दिलं आणि म्हणाले, "खरं औषध एकच, दर थोड्या वेळाने थांबायचं." मी म्हटलं, त्यासाठी माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे की! बरीच वर्षं आहे. ते म्हणाले, "मग?"

त्या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी आल्यावर (काम टाळायला काहीतरी निमित्त हवंच असतं) मी या थांबवणाऱ्या घड्याळांचा इतिहास शोधत बसले, आणि शोधता शोधता संगणकावरून निघून थेट आजोबांच्या गिरणीत पोचले. ते सगळं इथे लिहून ठेवते. आमच्या नातेवाइकांपैकी जे हा ब्लॉग फक्त फोटोंसाठी उघडतात त्यांची आधीच क्षमा मागते, आज फोटो नाहीत.

तर पहिल्यांदा मेंढीविषयी. या सॉफ्टवेअरचं नाव वर्करेव्ह. रॉब कालर्स आणि रेमंड पेनर्स या दोघांनी ते दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांत लिहायला घेतलं आणि फुकट वाटलं. विंडोजवर चालतं, लिनक्सवरही. दर तीन मिनिटांनी अर्ध्या मिनिटाची बारीक विश्रांती, दर पंचेचाळीस मिनिटांनी दहा मिनिटांची मोठी, आणि दिवसाला चार तास टंकलंत की आजचा कोटा संपला, असा त्याचा मूळ हिशेब. मोठ्या विश्रांतीत ते मान वळवा, खांदे फिरवा असे व्यायामही चित्रं काढून दाखवतं. चार तासांचा कोटा वाचून मला हसू आलं होतं. चार तासांत माझा अर्धा चित्रपटही होत नाही. मी तो कोटा पहिल्याच दिवशी बंद करून टाकला.

त्याच्याही आधी एक्सरिट्स नावाचं एक पिल्लू होतं, १९९०च्या दशकातलं, एडी कोलर यांनी लिहिलेलं. मनगटाला इंग्रजीत रिस्ट म्हणतात, त्यातलीच अक्षरं मागेपुढे करून हे नाव केलेलं. पडद्यावर हाताचं चित्र यायचं, आणि तुम्ही दुर्लक्ष केलंत तर एकाच्या दोन, दोनाच्या चार खिडक्या उघडत जायची सोयही त्यात होती. मॅकवर टाइम आउट होतं, केडीईवर आरएसआयब्रेक होतं. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये तर अशी एक सोय कळफलकाच्या सेटिंगमध्येच बसवलेली होती. मधे ती गायब झाली आणि २०२५च्या मार्चमध्ये आलेल्या ४८व्या आवृत्तीत विश्रांतीची आठवण नव्या रूपात परत आली. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं जगभरचे प्रोग्रामर पुन्हा पुन्हा एकच गोष्ट लिहीत आलेत. कारण उघड आहे, मनगटं त्यांचीच दुखत होती.

ही सगळी सॉफ्टवेअरं हलकी असायची, आणि तसं असणं भागही होतं. ज्या काळात माझ्या संगणकाची स्मृती २५६ मेगाबाइट होती, त्या काळात विश्रांतीची आठवण करणाऱ्यानेच काम अडवलं तर कोण ठेवून घेणार? सगळ्यात हलकं म्हणाल तर युनिक्समधली एक आज्ञा. काळ्या खिडकीत स्लीप लिहायचं, पुढे १५०० आकडा आणि त्यापुढे घंटी वाजवणारी दुसरी आज्ञा. पंधराशे सेकंद म्हणजे पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ ती आज्ञा झोपते आणि तुम्ही राबायचं!

ही पंचवीस मिनिटं कुठून आली? इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात मन लागत नाही म्हणून वैतागला होता. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं आणि स्वतःशी पैज लावली की निदान दहा मिनिटं तरी नीट अभ्यास करून दाखवीन. पुढे करून पाहता पाहता आकडा पंचवीसवर स्थिरावला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, असे चार फेरे झाले की मोठी विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पडलं. नियम कडक आहे: मधेच कोणी भेटायला आलं आणि तुम्ही उठलात तर तो टोमॅटो रद्द, पुन्हा पहिल्यापासून चावी द्यायची. २००६च्या सुमाराला त्याचं टिपण महाजालावर सगळ्यांना मिळायला लागलं आणि मग डेस्कटॉपवर टोमॅटोच टोमॅटो पिकले.

पंचवीस मिनिटं वाचल्यावर तुमच्याही डोक्यात काही वाजलं का? माझ्या वाजलं. आपल्याकडे दिवसरात्रीचे साठ भाग करायचे, त्यातल्या एकाला घटका म्हणायचं. चोवीस तासांच्या मिनिटांना साठाने भागा, उत्तर चोवीस. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. टोमॅटो आणि घटका यांत एका मिनिटाचा फरक!

आणि घटका मोजायचं साधनसुद्धा असंच होतं, एक नग, हलका, फारसा खर्च नसलेला. तांब्याची वाटी घ्यायची, तिच्या तळाला बारीक भोक पाडायचं आणि मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर ती तरंगत सोडायची. भोकातून पाणी वर येतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की घटका झाली. ती काढायची, रिकामी करायची, परत सोडायची. हे घटिकापात्र. भोक किती आणि वाटीचं वजन किती याचा मेळ बसवणं हे कारागिराचं काम. एकदा बसला की ती वाटी चोवीस मिनिटं मोजण्याखेरीज आयुष्यात दुसरं काही करत नसे. लग्नघरात मुहूर्त गाठायला हेच वापरत. आपल्या 'घड्याळ' शब्दात ती घटीच बसलेली आहे. 'तास'सुद्धा मुळात वेळ नाही, वेळ झाली की ठोकायची ती धातूची थाळी.

या वाटीची एक गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. भास्कराचार्यांची लेक लीलावती, तिच्या लग्नाचा मुहूर्त, ती वाटीत वाकून बघते आणि तिच्या दागिन्यातला मोती निसटून नेमका त्या भोकावर बसतो. पाणी येत नाही, वाटी बुडत नाही, मुहूर्त टळतो. ही कथा मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये लीलावतीचं फारसी भाषांतर केलं त्याच्या प्रस्तावनेत, म्हणजे भास्कराचार्यांनंतर चारशे वर्षांनी. खरी किती देव जाणे. पण टायमर हँग झाल्याची इतकी जुनी तक्रार मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

असो. मला अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आपण घटका कशासाठी वापरतो ते आठवून बघा. घटकाभर टेकते. घटकाभर बस की. घटकाभर डोळा लागला. घटकाभर करमणूक. कोणी असं म्हणतं का, की मी घटकाभर काम केलं? माझ्या तरी कानावर नाही. इटलीतल्या त्या पोराने चोवीस-पंचवीस मिनिटांचा तुकडा कामासाठी कापला आणि विश्रांतीला पाच मिनिटं दिली. मराठीने तोच तुकडा जवळजवळ अख्खा विश्रांतीला देऊन टाकलाय. दुपारची भांडी झाली की आमची आजी पंख्याखाली, नुसत्या फरशीवर, उशीला हात घेऊन पडायची आणि म्हणायची, "घटकाभर टेकते गो, चहाला उठव." चोवीस मिनिटांनी नाही, चांगली दोन घटकांनी उठायची. तिला उठवायची कोणाची हिंमत नव्हती.

वर्सोव्यात राहून वेळेविषयी लिहायचं आणि समुद्राचं नावही काढायचं नाही, हे इथल्या कोळणींना कळलं तर मला बाजारात बोंबील मिळायचे नाहीत. इथला जुना वेळ समुद्राचा आहे. वर्सोव्याची डोल जाळी प्रसिद्ध. समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना मोठ्या पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड प्रवाहाकडे. पाण्याची ओढच बोंबील, जवळा, करंदी आत आणून टाकते. भरती-ओहोटीच्या मधे पाणी घटकाभर थबकतं, त्याच्या आसपास जाळं उचलायचं, कारण मग ओढ उलटते. म्हणजे काम कधी करायचं आणि कधी थांबायचं हे दोन्ही पाणी ठरवतं. ते रात्री दोनला म्हणालं तर रात्री दोनला. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जोरात आणि कामाची धांदल. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मऊ, तेव्हा जाळी उसवली आहेत ती शिवायला सवड.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब तर फार सुंदर आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. थोडं मागेपुढे होतं, पण होडी काढायला पुरतं. यामागे साधा मेळ आहे: पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंतच्या पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे सरकते, म्हणजे एका तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. घटका किती? बरोब्बर दोन! दोन घटकांच्या या मापाला जुन्या भाषेत मुहूर्त म्हणत. पावसाळ्यातली मोठी सुट्टीही तशीच, पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, आता सरकारी आदेशाने १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना बंदी. ती माशांच्या विणीसाठी आहे, माणसाच्या पाठीसाठी नाही, पण पाठीला मिळते ती मिळते.

उगाच हळवं व्हायला नको मात्र. पाणी थांबलं की तांडेल थांबतो; मासळी विकणारी त्याची बायको थांबत नाही. ती पहाटे बंदरावर, सकाळी बाजारात, दुपारी सोडे सोलायला. तिच्या कामाला भांग नाही.

आता गिरणीकडे वळते, कारण मला हवं असलेलं उत्तर तिथे सापडलं. आईचे वडील लालबागला राहत आणि साच्यावर काम करत. कोणती गिरणी ते महत्त्वाचं नाही, नातेवाइकांना माहीत आहे. आजोबांच्या आठवणी सांगायला लागलो की आई एक हमखास सांगते: भोंगा झाला की सगळी चाळ हलायची. पोरांना शाळेसाठी उठवणं, चुलीवर भात ठेवणं, सगळं भोंग्यावर. घरात घड्याळ होतं, पण ते भोंग्यावरून लावायचं. म्हणजे अख्ख्या वस्तीला एकच टायमर, आणि त्याला 'सोडून द्या' हे बटण नाही.

मी समजत होते की जेवणाची सुट्टी भोंग्याबरोबरच जन्माला आली असेल. तसं मुळीच नाही. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, मुंबईतली पहिली. त्यानंतर कितीतरी वर्षं कामाचा दिवस म्हणजे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त, हिवाळ्यात लहान म्हणून कमी. दुपारी जेवायला यंत्र थांबत नसे. शेजारच्याला साचा बघायला सांगायचा आणि कोपऱ्यात भाकरी खाऊन यायची. महिन्याकाठी गिरणी बंद राहायची ती सणाला, नाहीतर यंत्रं साफ करायला. विश्रांती यंत्राची, माणसाची नव्हे.

१८८१ मध्ये पहिला कारखाने कायदा आला तो फक्त मुलांसाठी. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही, दिवसात एक तास विश्रांती द्यायची, महिन्याला चार सुट्ट्या. (सात वर्षांचं मूल. दुसरी इयत्ता.) मोठ्या माणसांविषयी त्यात एक अक्षर नव्हतं.

मोठ्या माणसांसाठी मागणी केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ठाण्याचे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा लोखंड्यांनी सप्टेंबरात कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या वाचताना मी गप्प झाले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामात जखम झाली तर बरं होईपर्यंत पगार.

दुपारी अर्धा तास. साडेपाच हजार माणसं, त्यातल्या कित्येकांची सही म्हणजे अंगठा, आणि मागणं काय, तर सव्वा घटका.

लगेच मिळाली नाही. मालकांचं म्हणणं असं की हे लोक अधूनमधून विडी ओढायला, पाणी प्यायला बाहेर जातातच, वेगळी सुट्टी कशाला? हा युक्तिवाद पुढेही बरीच वर्षं चालला, १९०८च्या कामगार आयोगापुढेही तो दिसतो. मला तो ओळखीचा वाटला. मीसुद्धा स्वतःला हेच सांगते की चहा करायला उठलेच होते की मघाशी.

२४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी पुन्हा सभा घेतली. दहा हजार कामगार आले आणि दोन कामगार बायका उठून बोलल्या. १८९० मध्ये, दहा हजारांपुढे! त्यांची नावं मला सांगता आली असती तर फार बरं वाटलं असतं. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. अर्धा तास त्यानंतरच्या वर्षी कायद्यातून आला: १८९१च्या दुरुस्तीने सगळ्यांना दुपारी अर्धा तास काम बंद, आठवड्याला एक सुट्टी, आणि बायकांना अकरा तासांच्या दिवसात दीड तास विश्रांती. लोखंडे १८९७च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

घड्याळ कोणाच्या हातात आहे यावर मुंबईत दगडही पडलेत. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागे होती. आकड्यात हे किरकोळ वाटतं. पण नव्या घड्याळात सकाळचे सहा वाजलेले असताना जुन्या वेळेने पाच वाजून एकवीस मिनिटंच झालेली असतात, म्हणजे पगार तोच आणि उठायचं अंधारात. त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी काम टाकलं, गिरण्यांवर दगडफेक झाली, शहरात पंधरा हजारांवर सह्यांचे अर्ज फिरले. महापालिकेने तर हट्टाने मुंबई टाइम धरून ठेवला, तो थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. एका शहरात दोन वेळा, आणि भेटायचं ठरवताना विचारायचं की कोणत्या घड्याळाने?

पुढची पायरी पायरीने उतरण मी भराभर सांगते. गिरण्यांत विजेचे दिवे आले तशी सूर्यास्ताची अट निकामी झाली आणि दिवस पुन्हा लांबला. मग १९११ मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. १९४८च्या कारखाने कायद्यात दिवसाला नऊ, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले, आणि पंचावन्नाव्या कलमात लिहिलं गेलं की सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मधे किमान अर्धा तास विश्रांती. चौसष्ट वर्षांनंतर तोच लोखंड्यांचा अर्धा तास.

आजोबांच्या वाट्याला हा अर्धा तास आयता आला. त्यात ते काय करायचे? आईला ठाऊक आहे, कारण डबा आजी भरायची, आणि आजोबांबरोबरच गावाहून आलेल्या आणखी पाच-सहा जणांचेही. गिरणगावातल्या कितीतरी घरांत अशी खानावळ चाले. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले पुरुष आणि त्यांच्यासाठी पाळीप्रमाणे दिवसात तीन वेळा चूल पेटवणाऱ्या बायका. पाळ्या तीन, चूल एकच. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं. त्यांच्या तासांना मात्र १८८१, १८९१, १९४८ यातला एकही कायदा लागू नव्हता. पुरुषांच्या त्या अर्ध्या तासाखाली या बायकांचे बिनमोजणीचे तास होते. आजीची फरशीवरची घटका मला आता वेगळी दिसते. ती तिला कोणी दिलेली नव्हती, तिने ती दाराला कडी लावून घेतलेली होती.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. आजोबा परत साच्यावर गेले नाहीत. आई सांगते, पुढे कितीतरी दिवस ते भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे आणि जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला, भूक असो नसो, पान मागायचे.

एवढं वाचून मी मेंढीचा हिशेब उघडला. वर्करेव्हमध्ये रोजची आकडेवारी साठवलेली असते: कितीदा विश्रांती सुचवली, किती घेतली, किती पुढे ढकलली, किती सोडली. मी ते पान कधी बघितलंच नव्हतं. एक दिवस काढला, मनगट धरलं त्याच्या आदल्या आठवड्यातला. मोठी विश्रांती सुचवली नऊ वेळा. घेतली एकदा, तीही बहुतेक फोन आला म्हणून. सोडली आठ.

साच्यासमोर उभा असलेला माणूस मालकाशी भांडू शकत होता, कारण मालक समोर होता. इथे सोडून द्या हे बटण दाबणारी मी, राबणारी मी, आणि उद्या दुखणारं मनगटही माझंच. घरी बसून काम करणाऱ्याला पंचावन्नावं कलम नाही, भोंगा नाही, पाणी उलटतंय म्हणून घाई नाही. आहे ती एक मेंढी, आणि तिचं सॉफ्टवेअर हलकं आहे तसा तिचा शब्दही हलका आहे. वर्करेव्हमध्ये खरं तर कळफलक पूर्ण बंद करून टाकायची सोय आहे. मी ती एक दिवस लावून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी निर्मात्याचा फोन आलेला असताना पडदा बंद झाला म्हणून काढून टाकली. अशा वेळी लोखंडे काय म्हणाले असते याचा विचार न केलेला बरा.

शेवटी उपाय निघाला तो मुलुंडहून. माझी मावसबहीण तिथे घरूनच हिशेबाचं काम करते, तिची मान गेलेली आहे. आम्ही दोघींनी ठरवलंय की सकाळी अकराला मी तिला मिस्ड कॉल द्यायचा आणि दुपारी चारला तिने मला. फोन उचलायचा नाही, पैसेही नाहीत, बोलणंही नाही. फक्त वाजला की दोघींनी उठायचं. ती उठली असेल हे माहीत असताना मला बसून राहायची लाज वाटते. घटकाभर उठायचं म्हणून मी मेंढीतही चोवीस मिनिटं भरली आहेत; तिला ते आवडलं नसावं, पण चालवून घेते. दोन महिने झाले. कप उजव्या हाताने उचलता येतो, पाण्याने भरलेला तांब्या अजून नाही.

आज चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. गच्चीवरून खाडीत होड्या वर उचललेल्या दिसत होत्या. चारचा फोन यायला अजून अवकाश आहे, आणि हे टंकेपर्यंत मेंढी दोनदा येऊन गेली. एकदा उठले.